गोल मुकुटाचा पैसा

दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, खोकं साध्या प्लायवुडचं होतं. जव्हारमधल्या एका सुताराकडून त्यांनी त्यात गोल खाचा पाडून घेतल्या होत्या. प्रत्येक खाच भोकाच्या पैशाच्या मापाची, आणि तिच्या मध्यभागी एक बुटकी खुंटी. पैसा त्या खुंटीवर बसायचा आणि खोकं उचलून नेलं तरी वाजायचा नाही. सगळ्या खुंट्यांवर पैसे होते. वरच्या ओळीतली पहिली खुंटी तेवढी रिकामी होती.

भोकाचा पैसा आता फारसा कुणाला आठवत नाही. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई झाली तेव्हा सरकारने तो काढला. मध्ये मोठं भोक, तेवढा धातू वाचायचा. राजाचा चेहरा बसवायला जागाच उरली नाही, म्हणून एका बाजूला नुसता मुकुट, खाली वर्ष आणि कडेने अक्षरं. दुसऱ्या बाजूला भोकाभोवती फिरलेली पानांची वेल. राजाचं डोकं गेलं आणि टोपी राहिली, असं दादा म्हणायचे. तो मुकुट सगळ्या पैशांवर सारखा नाही. काहींवर त्याचा माथा गोल आहे, काहींवर चपटा. वर्षाचे आकडेही काहींवर लहान, काहींवर मोठे. नुसत्या डोळ्यांनी हा फरक कळत नाही. भिंग धरून, उजेड एका बाजूने घेऊन पाहावं लागतं.

मी सातवीत असताना दादांनी मला तो पहिल्यांदा दाखवला. पुढे मी रसायनशास्त्र शिकले आणि जव्हारच्याच एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. पण दोन गोष्टींत फरक आहे असं म्हणण्याआधी दोन्ही एकाच उजेडात ठेवून पाहाव्यात, हे मी कॉलेजात नव्हे, त्या खोक्यापाशी शिकले. आई लवकर गेली. घरात आम्ही दोघंच होतो, आणि संध्याकाळी करण्यासारखं दुसरं काही नसायचं.

दादा सरकारी कचेरीत कारकून होते. कामासाठी त्यांना जीपने जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर जावं लागे. भोकाचे पैसे त्यांना तिथेच मिळाले, कारण शहरात जे नाणं केव्हाच भंगारात गेलं होतं ते इथे लेकरांच्या कमरेला होतं. मूल बसायला लागलं की त्याच्या करगोट्यात भोकाचा पैसा ओवायचा. ते चालायला लागलं की काढायचा आणि पुढच्या लेकरासाठी जपून ठेवायचा. आता या घरात मूल होणार नाही, असं आईनेच सांगितल्यावर तो पैसा मोकळा. त्याआधी तो कुणी देत नाही, आणि दिला तरी शेवटच्या लेकराच्या करगोट्यातली जागा रिकामी ठेवत नाही. म्हणून दादांच्या पिशवीत पितळी कड्या असायच्या. पैसा मोकळा आहे का, एवढंच ते विचारत. नाही म्हटलं की तो विषय संपला.

कचेरीत लोक त्यांची थट्टा करत. एवढ्याशा पैशात रोज काय बघता, असं विचारत. दादा म्हणत, एवढासा आहे म्हणून तर बघून संपण्याची आशा आहे.

ब्याण्णव साली खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावर, सुकी नावाच्या बाईच्या अंगणात, तिचा पहिला मुलगा रांगत होता. त्याच्या पोटावरचा पैसा दादांनी भिंगाखाली धरला. मूल हलत होतं, म्हणून त्यांना बराच वेळ लागला. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी बूटही काढले नाहीत. त्रेचाळीस सालचा, लहान आकड्यांचा आणि गोल माथ्याचा, ते मला म्हणाले. खोक्यात नव्हता तो हाच. आणि ताजा होता. मुकुटावरची फुलीसुद्धा शाबूत होती. सुकीने मात्र त्यांना सांगितलं होतं की तिचं लग्न होऊन दोनच वर्षं झालीत, अजून मुलं होतील, सायबाने थांबावं.

दादा थांबले. वर्षातून एकदा ते तिच्या अंगणात जाऊन येत. मुलगा चालायला लागला तेव्हा पैसा उतरला. मग मुलगी झाली आणि पैसा पुन्हा चढला. ती वर्षाचीही झाली नाही. ती गेल्याचं सांगताना सुकीने पैसा नागलीच्या कणगीत ठेवलाय हेही आठवणीने सांगितलं. त्या दिवशी दादांनी घरी येऊन खोकं उघडलं नाही. पुढे आणखी एक मुलगी झाली, रोशनी. पैसा कणगीतून निघून तिच्या कमरेला गेला.

याच वर्षांत त्यांचे डोळे जात होते आणि आम्हा दोघांनाही ते कळलं नाही. काचबिंदू दुखत नाही. दादा दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे, ताटाशेजारचा पेला त्यांच्या हाताने सांडायचा. तपासणी शिबिरात चष्म्याचा नंबर वाढवून मिळाला. नाशिकच्या डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा पुष्कळ उशीर झाला होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची, असं म्हणून त्यांनी थेंब दिले. मग त्यांनी दादांना समोर बघायला सांगितलं आणि स्वतःचा हात बाजूला धरून किती बोटं आहेत ते विचारलं. दादा दरवेळी लगेच ‘दोन’ म्हणाले. डॉक्टरांनी एकदाही दोन बोटं धरली नव्हती.

हा आजार रक्ताच्या नात्यात उतरू शकतो, म्हणून त्यांनी माझेही डोळे तपासले. दाब थोडा जास्त होता. मज्जातंतू चांगला होता. काळजीचं कारण नाही, पण दर सहा महिन्यांनी येत जा, असं ते म्हणाले. दादा शेजारच्याच खुर्चीवर बसून ऐकत होते.

घरी आल्यावर त्यांनी खोक्यातला एक पैसा मला दिला. हात लांब करून तो धर आणि भोकातून दाराकडे बघ, म्हणाले. मी पाहिलं. दाराची कडी दिसत होती, दार दिसत नव्हतं.

‘मला एवढं दिसतं,’ दादा म्हणाले.

पुढे ते भोकही मिटत गेलं. नव्याण्णव साली त्यांना उजेड आणि सावली एवढंच उरलं. बोटांनी पैसे ओळखता येतात का, हे त्यांनी करून पाहिलं. पण मुकुट फार बारीक उठावाचा आहे आणि म्हातारपणी बोटांची कातडी जाड होते. मुकुट कुठला आणि वेल कुठली, तेसुद्धा त्यांना कळेना. ते पैसे पुन्हा खुंट्यांवर ठेवायचे आणि रिकाम्या खुंटीवर बोट टेकून बसायचे.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर खोडाळ्याहून येणाऱ्या एका शिक्षकाबरोबर सुकीचा निरोप आला. पोरगी चालायला लागली, आता दुसरं मूल नाही, पैसा मोकळा आहे. वीटभट्टीवर जायच्या आधी येऊन घेऊन जा.

दादांनी कपाटातून भिंग काढून फडक्याने पुसलं आणि माझ्या पर्समध्ये ठेवायला दिलं.

‘तू बघ आणि मला सांग,’ ते म्हणाले. ‘तू सांगितलंस म्हणजे मी पाहिलं.’

आम्ही जीपने गेलो. सुकी अंगणातच होती, भट्टीवर न्यायचं बोचकं बांधत होती. तिचा नवरा पुंजा वसईच्या बाजूला पुढे गेला होता. ती मुलांना घेऊन मागून जाणार होती. दादांना माझा हात धरून येताना पाहून ती उठली.

‘सायेब, तू तर माझ्या सासऱ्यावाणी चालायला लागलास. आन ही कोण? म्हातारपणात नवी बाय केलीस काय?’

‘पोरगी आहे माझी,’ दादा म्हणाले.

‘मग बरा. मला वाटला पैशाचा नाद सुटला न बायांचा लागला.’

दादा मोकळेपणाने हसले. बऱ्याच महिन्यांनी हसले. आम्ही ओट्यावर बसलो. तिने कोरा चहा दिला. दादांच्या डोळ्यांचं तिने विचारलं तेव्हा त्यांनी अंधुक दिसतं एवढंच सांगितलं. मग ती आत गेली आणि पळसाच्या पानाची पुडी घेऊन आली. ती तिने दादांच्या नाही, माझ्या हातावर उघडली, कारण मी जवळ होते.

‘बघ. सोन्यावाणी केलाय,’ ती म्हणाली. ‘सात साल थांबला सायेब. त्याला काळा कसा देऊ?’

पानावर एक तांबूस पिवळी, झळझळीत चकती होती. मध्ये भोक. मी ती उन्हात धरली. वर मुकुट नव्हता. खाली वर्ष नव्हतं. अक्षरं नव्हती. मी ती उलटली. वेलही नव्हती.

उंबऱ्याशी एक सपाट दगड पडला होता. त्यावर ओली वाळू होती आणि वाळूखाली तांबूस रंगाच्या गोल गोल रेघा. एका पैशाच्या रुंदीच्या. दगडाच्या मधोमध तर तांब्याचा नुसता डाग झाला होता.

‘उजळलास होय गं?’ दादांनी विचारलं.

‘राख लावली, चिंच लावली. हात दुखस्तवर घासलाय.’

तिने हात पुढे करून दाखवला. तिच्या अंगठ्याचं टोक पांढरं पडलं होतं, सोललं होतं. वाळूचं ती बोलली नाही. लपवायचं म्हणून नव्हे, सांगण्यासारखं त्यात काही नाही म्हणून. भांडं राखेने निघालं नाही की वाळूने घासतात, हे कुणी मुद्दाम सांगत नाही. मी तिच्या अंगठ्याकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पैसा छान झालाय असं म्हणाले.

दादांनी पैसा घेऊन उजेडाकडे धरला. चकाकी तेवढी त्यांना जाणवली. चकाकतोय, ते म्हणाले. रोशनीच्या करगोट्यात त्यांनी चाचपडत पितळी कडी ओवली, गाठ सुकीने मारली. मुलीने कडी लगेच तोंडात घातली. दादांनी आणलेली साडी सुकीने आधी नको म्हटली आणि मग बोचक्यात सगळ्यात आत ठेवली.

परतीच्या जीपमध्ये पैसा दादांच्या मुठीत होता. मोखाडा येईपर्यंत त्यांनी मूठ उघडली नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, वाचलास का. तिथे घाईत नीट दिसलं नाही, घरी बघते, असं मी सांगितलं. घरी आल्यावर मी म्हणाले, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला हवा. त्यांनी मान डोलावली. नीट बघ, घाई नको, म्हणाले.

शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली पैशावरचे ओरखडे अगदी स्वच्छ दिसत होते. एकमेकांना छेदणारे, वाळूच्या कणाएवढे रुंद. ओरखडे स्वच्छ दिसत होते याचा अर्थ दुसरं काही दिसण्यासारखं उरलं नव्हतं. एक उपाय मला माहीत होता. ठसा मारताना खालचा धातूही दबतो; वरचा ठसा गेला तरी सौम्य आम्लाने कधीकधी त्याची छटा उठते. खोक्याबाहेरचा एक जुना, झिजलेला पैसा घेऊन मी आधी त्यावर करून पाहिलं. त्यावर क्षणभर चारचा आकडा उमटल्यासारखा झाला. मग सुकीच्या पैशावर थेंब सोडला. सगळा पैसा सारखा काळवंडला. कुठेही कमी-जास्त नाही. मी तो धुतला, पुसला, पुन्हा केलं. पुन्हा सारखाच काळवंडला. शेवटी तो पुसून पूर्वीसारखा चकचकीत केला.

प्रयोगशाळेत मदतीला असलेली निशा शेजारी उभी होती. तिने चकती चिमटीत धरून पाहिली.

‘मॅडम, हा पैसा कुठाय? हा तर नळाचा वायसर.’

ती हसली आणि माझ्याकडे बघून थांबली.

मी दादांना खरं सांगायचं ठरवलं. त्यांना वाईट वाटेल, सात वर्षं वाया गेली असं वाटेल, हे मला कळत होतं. पण न दिसलेलं दिसलं म्हणायला त्यांनी मला कधी शिकवलं नव्हतं. ते खिडकीपाशी खोकं मांडीवर घेऊन बसले होते.

‘दादा, मुकुट राहिलेला नाही. घासून गेलाय.’

‘कशाने?’

‘वाळूने. तिच्या दारातल्या दगडावर रेघा होत्या.’

‘ती राख म्हणाली.’

‘राखही लावली असेल. पण नंतर—’

‘राखेने मुकुट जात नाही, उजू. मी पाहिलाय तो. माझ्या डोळ्यांनी पाहिलाय, तेव्हा ते चांगले होते. पन्नास वर्षं पोरांच्या पोटावर घासून जो गेला नाही, तो सात वर्षांत कुठे जाईल?’

मी पुन्हा वाळूचं सांगितलं. ओरखड्यांचं सांगितलं. ते ऐकत नव्हते. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. पैशाचं दुःख त्यात नव्हतंच.

‘इकडे ये,’ ते म्हणाले. ‘समोर बघ.’ त्यांनी उजवा हात माझ्या कानापलीकडे धरला. ‘किती?’

‘तीन.’

त्यांनी बोटं मिटली.

‘मीही असंच पटकन सांगायचो,’ ते म्हणाले.

त्या दिवसापासून ते माझी पावलं ऐकू लागले. मी दारातून आत आले की खांदा चौकटीला लागतो का, तिकडे त्यांचा कान असायचा. एकदा माझ्या हातून पेला पडला, हात ओला होता म्हणून. ते भिंत चाचपत स्वयंपाकघरात आले आणि दारात उभे राहिले. जेवण अर्धं टाकायचे. खोकं त्यांनी कपाटात ठेवून दिलं. पैशाचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मी काढला की म्हणायचे, जाऊ दे, त्यात काय आहे, तू नाशिकला कधी जातेस ते सांग.

मी नाशिकला गेले. दाब पूर्वीएवढाच होता. नजरेच्या कडा पूर्ण होत्या. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं आणि तो कागद मी दादांना सावकाश वाचून दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, घडी केली, परत दिला.

‘मलाही आधी चष्म्याचाच नंबर म्हणाले होते,’ ते म्हणाले.

मी निशाला घरी आणलं. तिने पैसा हातात घेऊन त्यांना सांगितलं की काका, कोरा आहे, मलाही काही दिसत नाही. ती गेल्यावर दादा म्हणाले की मुलगी चांगली आहे, तू सांगितलंस म्हणून आली. सुकीला विचारता आलं असतं. पण ती वसईकडच्या कुठल्या भट्टीवर होती ते पाड्यावरही कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ती परत येणार होती पावसाच्या तोंडावर. आणि ती आली असती, वाळूचं बोलली असती, तर मग आपण काय केलं ते तिला कळलं असतं.

पुरावा म्हणजे काय, हे मी मुलांना रोज शिकवते. निरीक्षण, पुन्हा निरीक्षण, दुसऱ्याने केलेलं निरीक्षण. माझ्याकडे तिन्ही होती आणि त्यांचा काही उपयोग नव्हता. दादांचा डॉक्टरांवर विश्वास नव्हता, निशावर नव्हता, माझ्या बोलण्यावर तर नव्हताच, कारण आंधळा होत चाललेला माणूस काय काय बोलतो हे त्यांनी स्वतः बोलून पाहिलं होतं. या सगळ्यात त्यांनी स्वतः तपासलेली गोष्ट एकच होती. तो पैसा. त्यावर मुकुट आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ज्याला तो दिसत नाही त्याचे डोळे गेले, इतकं ते सरळ होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तोच निष्कर्ष काढला असता.

एका सकाळी मी शाळेत निघाले होते. दादा मधल्या दारात उभे होते. त्यांच्या हातात त्यांच्या थेंबांची बाटली होती.

‘बस खुर्चीवर,’ ते म्हणाले. ‘मान वर कर.’

मला आधी कळलं नाही.

‘मला आता यांचा काय उपयोग? माझं काय टिकवायचं राहिलंय? तुझं सुरुवातीचं आहे. तुझं राहील.’

दादा, दुसऱ्याचं औषध असं घेत नाहीत, मी म्हणाले. डॉक्टरांनी नको सांगितलंय. त्यांनी एका हाताने माझं कपाळ चाचपलं, मग भुवई, मग खालची पापणी अंगठ्याने ओढली. पहिला थेंब गालावर पडला. दुसरा नाकावर. कुठे पडला ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते विचारत होते, गेला का, आत गेला का. गालावरचा थेंब ओघळून गळ्यापर्यंत आला.

‘थांबा दादा,’ मी म्हणाले. ‘पैसा आणते.’

कपाटातून मी खोकं काढलं आणि टेबलावर ठेवलं. सुकीचा पैसा त्यात एका कोपऱ्यात कागदात गुंडाळलेला होता. तो मी हातात घेतला. ते बाटली धरून तसेच उभे होते.

‘चिंचेचा थर बसला होता त्याच्यावर,’ मी म्हणाले. ‘राख आणि चिंच मिळून घट्ट झालं होतं. काल शाळेत नीट धुतला.’

‘आणि?’

‘गोल आहे.’

‘माथा?’

‘माथा गोल. वर फुली. खाली एकोणीसशे त्रेचाळीस. आकडे लहान आहेत.’

ते खुर्चीचा हात शोधत खाली बसले. बाटली त्यांनी टेबलावर ठेवली.

‘उलट कर,’ ते म्हणाले. ‘वेल सांग.’

वेल सगळ्या पैशांवर सारखीच असते. मी खोक्यातल्या दुसऱ्या ओळीतला एक पैसा काढला, चपट्या मुकुटाचा, आणि खिडकीच्या उजेडात तो तिरपा धरला. डावीकडून वर चढणारं देठ. त्यातून फुटलेलं पान, कडेला वळलेलं. मग दुसरं पान, मग लहानशी कळी. मी प्रत्येक पान पाहिलं आणि जसं दिसलं तसं सांगितलं. दादा मध्येच थांबवून विचारत, टोक बाहेर आहे की आत. मी पुन्हा पाहून सांगत होते. सांगण्यात काही चूक नव्हती. फक्त पैसा दुसरा होता.

सगळी वेल फिरून झाली तेव्हा त्यांनी हात पुढे केला. मी त्यांना सुकीचा पैसा दिला. त्यांनी अंगठा त्यावरून फिरवला, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

‘बोटाला लागत नाही काही,’ ते म्हणाले.

‘तुमच्या बोटाला दुसऱ्या पैशांवरचंही लागत नाही.’

‘तेही खरं.’

त्यांनी वरची ओळ चाचपली, रिकामी खुंटी शोधली आणि पैसा तिच्यावर बसवला. बोटाने दाबून पाहिलं, हलत नाही ना. मग ते मला म्हणाले की शाळेला उशीर होतोय. त्या दिवशी ते पूर्ण जेवले. थेंब स्वतःच्या डोळ्यांत घालायला लागले.

पावसाच्या तोंडावर सुकी भट्टीवरून परतली. जव्हारच्या बाजारात भेटली, काळवंडलेली, रोशनी काखेला. मुलीच्या कमरेची कडी तिने मला वर उचलून दाखवली. सायबाला पैसा आवडला का, तिने विचारलं. आवडला, मी म्हणाले. रोज बघतात.

ते खरं होतं. त्या सकाळपासून दादांनी हा नेम धरला आहे. दिवेलागणीला ते खोकं मांडीवर घेतात, बाकीच्या पैशांना हात न लावता वरच्या ओळीतला पहिला पैसा काढतात आणि माझ्या हातावर ठेवतात. सांग, म्हणतात. मी सांगते. फार भरभर सांगितलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते, म्हणून मी मध्ये थांबायला शिकले आहे, बघायला लागतो तेवढा वेळ. शेवटी ते ऐकतात, पैसा परत घेतात आणि खुंटीवर बसवतात. मग त्यांचा दिवस संपतो. दर सहा महिन्यांनी मी नाशिकला जाते. ते कागद ते आता ऐकतही नाहीत.

काल मुकुटाचा माथा सांगितला, वर्ष सांगितलं, आकडे लहान आहेत ते सांगितलं आणि वेलीवर गेले.

‘आणि वर?’ दादांनी विचारलं.

त्यांची मान माझ्या आवाजाच्या दिशेने वळली होती. हातातल्या चकतीत छताची ट्यूबलाइट वाकडी दिसत होती.

‘वर फुली आहे,’ मी म्हणाले.

‘पाठ झालं म्हणून म्हणू नकोस,’ ते म्हणाले. ‘बघून सांगत जा.’